टोकियोचं हवामान : जूनमध्ये जावं की सप्टेंबरमध्ये? (मदत हवी आहे)

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी,
नवऱ्याची टोकियोला बदली झाली आहे, निदान तीन वर्षांसाठी. तो पुढे गेलाय. आम्ही मायलेकांनी जूनच्या सुरुवातीला जायचं की सप्टेंबरच्या मध्यावर, हे आमच्यावर सोडलंय. घर निशी-कासाईत बघतोय. भारतीय किराणा आणि ओळखीची माणसं तिथेच आहेत.

मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला बालदमा आहे. ठाण्यात जुलैमध्ये भिंतींना ओल धरली की त्याची छाती वाजायला लागते. नवरा म्हणतो, "जपान थंड आहे गं, काही होत नाही." पण त्याने आजवर पाहिलेलं टोकियो म्हणजे फेब्रुवारीतला एक आठवडा! मी आकडे काढले : वर्षाचा पाऊस साधारण १६०० मिमी, ऑगस्टचं सरासरी तापमान २७, जानेवारीचं ५. पाऊस तर मुंबईहून कमीच दिसतोय, मग तिथले लोक बुरशीच्या नावाने एवढं का रडतात?

शिवाय सासूबाई तीन महिन्यांसाठी येणार आहेत. वय ६८, गुडघे दुखतात. त्यांना कधी बोलवू? लोकरीचे कपडे इथूनच घ्यावेत का? गूगल करून झालंय, तिथे राहणाऱ्यांकडून ऐकायचं आहे.

मु. पो. टोकियो
आकडे बरोबर आहेत, फक्त तुम्ही ते मुंबईच्या हिशोबाने वाचताय. मुंबईचा पाऊस चार महिने धो धो कोसळतो आणि मग आठ महिने सुट्टीवर जातो. इथे पूर्ण कोरडा असा महिनाच नाही. फेब्रुवारी सगळ्यात कमी पावसाचा, तरी त्यातही ५५-६० मिमी पडतो. सगळ्यात जास्त पाऊस जूनमध्ये नसून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतो, कारण तेव्हा तायफून म्हणजे इकडची चक्रीवादळं येतात.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात 'त्सुयु' म्हणजे इथला पावसाळा सुरू होतो आणि जुलैच्या मध्यानंतर संपतो. उत्तरेची गार दमट हवा आणि पॅसिफिकवरची गरम दमट हवा एकमेकींना भिडतात, आणि त्या दोघींची सीमा जपानच्या डोक्यावर आडवी पडून राहते. आपल्यासारखा गडगडाट नाही, नुसती दिवसभराची रिपरिप. मधेच पारा विशीच्या खाली उतरतो, म्हणून जूनमध्ये आलात तर पातळ स्वेटर हाताशी ठेवा. त्यानंतर पॅसिफिकची हवा जिंकते आणि खरा छळ सुरू होतो. ऑगस्टमध्ये अनेकदा ३५ अंश, रात्रीसुद्धा बरेचदा २५ च्या खाली जात नाही. २० जुलै २००४ ला खुद्द टोकियोत ३९.५ नोंदलं गेलं होतं. सरासरी २७ या आकड्यावर जाऊ नका.

बुरशीचं उत्तर घरांच्या बांधणीत आहे. खिडक्या-दारं घट्ट बंद, भिंतीतली कपाटं खोल आणि बिनहवेची. दुकानात 'जोशित्सुझाई'चे म्हणजे ओल शोषणारे पांढरे डबे मिळतात, आत कॅल्शियम क्लोराईडचे दाणे असतात. कपाटाच्या तळाशी ठेवले की त्सुयुत डब्याच्या खालच्या कप्प्यात चक्क पाणी साठलेलं दिसतं. एसीच्या रिमोटवर 'जोशित्सु' नावाचं, हवेतली ओल काढणारं बटण असतं, ते आधी शोधून ठेवा. घर बघताना बाथरूममध्ये कपडे वाळवायचं यंत्र आहे का विचारा. त्यासाठी भाडं थोडं जास्त पडलं तरी मी देईन.

बिनपंख्याचा
छताला पंखा नसतो हेही सांगून ठेवतो. आईला हे पचायला एसीपेक्षा जास्त वेळ लागला.

मीही दमेकरी
ताई, सगळे ओलीबद्दलच बोलतील, पण दोन गोष्टी राहून जातात.

पहिली म्हणजे इथला हिवाळा. तो कोरडाठाक असतो. सायबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात, ते सगळं निगाताकडच्या डोंगरांवर बर्फ म्हणून टाकतात आणि टोकियोच्या बाजूला रिकाम्या हाताने उतरतात. कोकणात बरसून आलेले ढग माणदेशात कसे पोहोचतात, तसंच. आभाळ निळंशार, लांबून फुजी दिसतो, पण घसा सुकतो, ओठ फुटतात. त्यामुळे उन्हाळ्यात हवेतली ओल काढणारं यंत्र आणि हिवाळ्यात ओल घालणारं, दोन्ही लागतात. मात्र दुसरं चोवीस तास चालवू नका. जुन्या घरांत एकेरी काच आणि अॅल्युमिनियमच्या चौकटी असतात, सकाळी त्यांवर आतून पाणी ओघळतं आणि पडद्यामागे काळे ठिपके धरतात. हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर घ्या, स्वस्त मिळतो. आम्ही ५० टक्क्यांच्या आसपास ठेवतो.

दुसरी म्हणजे परागकण. युद्धानंतर लाकडासाठी डोंगरच्या डोंगर सुगी म्हणजे देवदारासारख्या झाडांनी भरून टाकले. ते फेब्रुवारीत परागकण सोडू लागतात, मग हिनोकी या दुसऱ्या झाडाची पाळी, थेट मेच्या सुरुवातीपर्यंत. बातम्यांत हवामानासोबत परागकणांचा अंदाजही सांगतात. त्या दिवसांत कपडे बाहेर वाळत घालत नाहीत. आल्या आल्या त्रास होईलच असं नाही, अनेकांना दोन-तीन वर्षांनी सुरू होतो. मुलाच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.

औषधांचंही बघा : डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभरापुरतीच सहज आणता येतात. जास्त हवी तर आधी 'युन्यु काकुनिनशो' म्हणजे आयातीचं प्रमाणपत्र काढावं लागतं. आणि स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या इथे चालतच नाहीत, त्या बॅगेत टाकू नका.

माझं मत सप्टेंबर. त्सुयु आणि ऑगस्ट दोन्ही टळतात.

मु. पो. टोकियो
सप्टेंबरलाच माझंही मत, पण मध्याऐवजी शेवटचा आठवडा मिळाला तर बघा. मधल्या आठवड्यात अजून घाम निघतो आणि विमान नेमकं तायफूनच्या दिवशी येऊ शकतं.

तायफूनवरून आठवलं. निशी-कासाई एदोगावा वॉर्डात येतं. त्या वॉर्डाची बरीचशी जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. २०१९ साली वॉर्डाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला, त्याच्या मुखपृष्ठावरच 'इथे थांबू नका' अशा अर्थाचं लिहिलं होतं! सरकारी खात्याकडून इतकं सरळ बोलणं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस नावाचं तायफून आलं आणि पलीकडे तामा नदीकाठच्या एका उंच इमारतीच्या तळघरातली वीजयंत्रणा पाण्यात गेली. घाबरून बेत बदलू नका, आम्ही सगळे इथेच राहतोय. पण तळमजला घेऊ नका आणि करार करण्याआधी तो नकाशा मागून घ्या.

सासूबाईंसाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे. नोव्हेंबर तर सोन्यासारखा असतो, झाडं पिवळी-लाल, हवा कोरडी. फक्त डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, घरात एकटं असताना त्याने जीव घुसमटू शकतो. नाहीतर एप्रिलच्या मध्यापासून, पण मग तीन महिने न राहता त्सुयुच्या आत परत. साकुरा म्हणजे चेरीचा बहर बघायचा हट्ट असेल तर मार्चअखेर हवी, तेव्हा परागकण सोसावे लागतील.

ठाणेकरीण
बापरे, केवढी मदत! नवऱ्याला धागा पाठवला, आता 'थंड देश' म्हणत नाहीये. सप्टेंबरअखेर ठरवतोय. लोकरीचं राहिलं, आणि एक बायकी प्रश्न : डाळी, पिठं, पापड त्या दमट हवेत टिकतात का?

मीही दमेकरी
जाड कोट इथे टोकियोतच घ्या. बर्फ वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी पडतो, ठाण्यात मिळणारा हिमालयीन थाटाचा कोट ट्रेनमध्ये भाजून काढेल. आतून घालायचे पातळ गरम कपडे इथे स्वस्त आणि उत्तम मिळतात. थंडी बाहेरपेक्षा घरात जास्त वाजते, तेव्हा पायमोजे भरपूर आणा.

पिठांबद्दल बायकी काही नाही, आमच्याकडे हे खातं माझ्याकडे आहे. बेसन, कणीक, भाजणी उघडली की घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये. उघड्या पिठात बारीक किडे होतात, डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि अॅलर्जी असलेल्याला ते पोटात जाणं महागात पडतं. मुलाच्या दम्यामुळे तुम्ही तर हे पाळाच. डाळी कोरड्या डब्यात चालतात. पापड ऑगस्टमध्ये मऊ पडतात, तेव्हा तळण्याआधी मायक्रोवेव्हमध्ये अर्धं मिनिट फिरवा.