नव्या अंकाच्या परीक्षणात चित्रांबद्दल लिहायचं काय?

नवीपेठकर:
दर महिन्याला दोन-तीन अमेरिकन कॉमिक्सचे नवे अंक मागवतो, वाचून त्यावर लिहितो. कथेवर पानभर सहज होतं. चित्रांपाशी आलं की 'चित्रं अप्रतिम, रंगसंगती सुरेख', बस्स, गाडी अडते. परवा बायकोनं वाचून विचारलं, "साडीबद्दल लिहिलंय का?" त्यात पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचे. कौतुक कुणाचं करू?

ताणाबाणा:
मी चादरीची डिझाइनं काढतो ओ, ग्राफवर चौकोन भरत तीस वर्षं गेली. कॉमिक्समधलं माझं ज्ञान इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळापुरतं, म्हणजे फँटमपुरतं. पण त्याच्या अंगठीचा ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटायची, आठवतं? संवादाच्या फुग्यात काही लिहावं लागायचं नाही. तेच बघा की. पहिल्यांदा फुगे बोटानं झाकून अंक चाळा. कोण चिडलंय, कोण लपवतंय, हे कळलं तर चित्रकार पास. चित्रात हात थरथरतोय आणि वर निवेदनाच्या चौकटीत 'ती घाबरली' असंही छापलंय, तर लेखकाचा चित्रकारावर भरवसा नाही. हे कथेच्या परिच्छेदात लिहा.
रंगांचं म्हणाल तर आमच्याकडे बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, मोजकेच रंग, त्यामुळे लाल कुठं टाकायचा यावर भांडणं होतात. अंकात लाल कुठल्या पानावर पहिल्यांदा येतो ते बघा. 'सुरेख' आपोआप गळून पडेल.

कडक_भाकरी:
फुगे झाकायचं अर्धंच पटलं. फुगा कुठं ठेवलाय हेही चित्रच आहे. उत्तराचा फुगा प्रश्नाच्या आधी डोळ्यांत भरला तर विनोद मेला. मराठी अनुवादात तर इंग्रजी मापाच्या फुग्यात मजकूर कोंबतात, वेलांट्या कडेला घासतात. आणि पेन्सिल-शाई वेगळी ओळखू येत नसेल तर नुसतं 'रेषा' म्हणा. उगाच कुणाच्या नावावर खपवू नका.

नवीपेठकर:
काल रात्री लाईट गेली होती, मोबाईलच्या उजेडात करून पाहिलं. नवव्या पानावर नायक डावीकडे पळतो, पुढच्याच चौकटीत उजवीकडे. मागचं दारही गायब. हे पान मी आधी तीनदा वाचलं होतं, वाटलं माझंच इंग्रजी कच्चं! लाल मात्र थेट सतराव्या पानावर, पाकिटाच्या लाखेवर. तेवढ्यावरच आठ ओळी झाल्या.
बायको म्हणते, साडी गेली, आता पोलिसांचा पंचनामा वाटतोय. ताणाबाणा काका, ह्याला काही उपाय?