रिकाम्या यादीत जुनंच येतंय, मदत हवी आहे (अर्जंट!!)

गोंधळी_कोडर: फंक्शनला डिफॉल्ट म्हणून (काही पाठवलं नाही तर वापरायची) यादी रिकामीच दिलीये तरी दुसऱ्यांदा कॉल केला की आधीचा माल तिच्यात असतोच. ५ दिला तर [५], मग ७ दिला तर [५, ७]. परत रन केलं की पहिल्यांदा बरोबर, मग पुन्हा तेच. ३ तास गेले राव, पटकन सांगा कोणीतरी.

रात्रपाळी: लँग्वेज कुठली? कोड कुठाय? इथं कोणी अंतर्ज्ञानी नाही.

अर्धविराम: ग्लोबल व्हेरिएबल असणार, पैज. ग्लोबल वाईटच.

गोंधळी_कोडर: ग्लोबल नाहीये हो. पायथन, अजून काय! डेफ भर(नवा, यादी=[]), आत यादी.अपेंड(नवा) आणि रिटर्न यादी. संपलं.

महिरपी: जावास्क्रिप्टमध्ये हेच लिही, दर कॉलला नवा अ‍ॅरे मिळतो. २०१५ पासून आहे ही सोय. पायथन सोड.

रात्रपाळी: भाषा सोडायला सांगणारे आले. हे बघ, डेफची, म्हणजे फंक्शन बनवायची, ओळ एकदाच चालते, तेव्हाच ती [] बनते आणि फंक्शनला चिकटून बसते, मग तू यादी न देता कितीदा पण कॉल कर, तीच हातात येते आणि अपेंड तिच्यातच भर घालतं. पटत नसेल तर भर.__डिफॉल्ट्स__ प्रिंट करून बघ, तुझे ५ आणि ७ तिथे बसलेले दिसतील. यादी=नन (म्हणजे ‘काहीच नाही’) कर आणि आत पहिलीच ओळ: इफ यादी इज नन, तर यादी = [].

जुनं_खोड: यादी = यादी ऑर [] लिही, एका ओळीत काम.

रात्रपाळी: नको. ऑर रिकाम्या यादीला पण ‘नाही’च धरतं, म्हणून कोणी स्वतःची रिकामी यादी पाठवली तर ती बाजूला पडते, भर भलत्याच यादीत, आणि तो बसतो शोधत.

जुनं_खोड: माझं कधी अडलं नाही.

रात्रपाळी: अडेल.

अर्धविराम: आणि फंक्शनच्या आत मोजणी = मोजणी + १ केलंस तर अनबाउंडलोकलएरर येतो, कारण आत कुठेही त्याला किंमत दिली की ते नाव लोकल (त्या फंक्शनपुरतं) होतं. आधी ग्लोबल मोजणी लिहायचं.

महिरपी: विचारलंय कोणी? आणि मघाशी ग्लोबल वाईट होतं ना?

गोंधळी_कोडर: नन टाकलं, चाललं!! थँक्स. पण थांबा, दुसऱ्या फंक्शनला डिफॉल्ट म्हणून वेळ=डेटटाइम.नाऊ(), म्हणजे आत्ताची वेळ, दिलंय आणि सकाळपासून प्रत्येक नोंदीवर ९:१२ च पडतंय. मला वाटलं मशीनचं घड्याळ गंडलंय.

रात्रपाळी: प्रोग्रॅम किती वाजता सुरू केलास?

गोंधळी_कोडर: …९:१२