मदत हवी आहे: बॉक्सर कुत्रीला होल्टर (अंगावर बांधून हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र) कसं लावलंत?

नमस्कार मंडळी. आमची बॉक्सर सात वर्षांची आहे. अंगात अजून पिल्लाचा उत्साह, पण घरातल्या बाळाशी फार जपून वागते. ते रांगत जवळ आलं की आपणहून खाली बसते, कान ओढू देते. (तरी दोघांना एकटं सोडत नाही.)

गेल्या आठवड्यात चेंडूमागे धावताना तिचे मागचे पाय लटपटले आणि ती कोसळली. हिरड्या पांढऱ्याफटक. काही क्षणांत उठून शेपटी हलवायला लागली. डॉक्टरांनी साधा ईसीजी काढला, तो ठीक आहे. पण बॉक्सरमध्ये हृदयाच्या स्नायूचा एक आनुवंशिक आजार आढळतो. त्यात ठोके मध्येच बिघडतात आणि थोड्या वेळाच्या ईसीजीत ते सापडतीलच असं नाही, म्हणून 24 तासांचं होल्टर लावायला सांगितलंय.

कुणी लावलंय का? ही सारखी अंग घासते, पट्टे चावते. दिवसभर ते यंत्र टिकवायचं कसं? औषध सुरू झाल्यावर व्यायाम किती ठेवलात? सध्या पळणं बंद आहे, गारव्यात सावकाश चालवतो. बसक्या नाकामुळे उन्हात तिला एरवीही धाप लागते.

शिवाय मांडीवर वाटाण्याएवढी गाठ आहे. या जातीत मास्ट सेल ट्यूमरचं (त्वचेच्या एका कर्करोगाचं) प्रमाण जास्त, त्यामुळे सुईने नमुना घेणार आहोत. गाठ काढावी लागली तर भुलेआधी हृदयाच्या कोणत्या तपासण्या करून घेतल्यात? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.