मदत हवी आहे : सिझेर-नोदँ मोटारीचे एक क्राउन व्हील आणि तीन पिनियन

मॉरिस व जॉर्ज सिझेर हे भाऊ आणि लुई नोदँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या सिझेर-नोदँ मोटारीच्या गिअर-रचनेचे पितळी चालते प्रारूप मी करत असून, दात्यांच्या आकारापाशी माझे काम अडले आहे. एका सिलिंडरची ही छोटी गाडी शर्यतींमुळे (१९०६ची कूप दे व्वात्युरेत ही छोट्या मोटारींची शर्यत जॉर्ज सिझेर यांनी जिंकली होती) आणि पुढच्या चाकांच्या स्वतंत्र सस्पेन्शनमुळे ओळखली जाते. मला मात्र तिची मागची बाजू अधिक विलक्षण वाटते.

फ्रेंच मोटार-निर्माते लुई रेनॉ यांच्या रचनेत फक्त वरचा गिअर थेट (म्हणजे गिअरपेटीतील दातेरी चाकांच्या मध्यस्थीशिवाय) लागत असे, तर येथे वेगळी गिअरपेटीच नव्हती. प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाची गती मागच्या आसाकडे नेणाऱ्या दांड्याच्या) मागच्या टोकावर लहानमोठे तीन पिनियन (छोटी दातेरी चाके) असून, शाफ्ट मागेपुढे व आडवा सरकवून त्यांपैकी हवा तो मागच्या आसावरील एकाच क्राउन व्हीलमध्ये (मोठ्या दातेरी चाकात) अडकवला जाई, त्यामुळे तिन्ही गिअर थेटच होते.

शंकू आकाराचे पिनियन घेतले, तर प्रत्येकाचा कोन वेगळा येईल आणि एकच क्राउन व्हील तिघांना चालणार नाही, म्हणून मी सरळ दात्यांचे पिनियन व चपट्या बाजूवर दाते असलेले क्राउन व्हील योजले आहे. क्राउनला ४८ दाते, पिनियनना १२, १६ व २४, आणि मॉड्यूल (मि.मी.मधील व्यास भागिले दाते) २. म्हणजे गुणोत्तरे ४, ३ व २ येतात, आणि पिनियनांच्या त्रिज्या १२, १६ व २४ मि.मी. असल्याने शाफ्टला एकूण १२ मि.मी. आडवे सरकावे लागते. सर्वांत लहान पिनियन शाफ्टच्या अगदी मागच्या टोकाला ठेवला आहे, अन्यथा मोठा पिनियन क्राउनवर आपटतो (हे पुठ्ठ्याची चाके कापल्यावर लक्षात आले).

अडचण अशी की, क्राउनच्या दात्याचा नेमका आकार पिनियनच्या दात्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. तो २४ दात्यांच्या पिनियनप्रमाणे कापला, तर लहान पिनियनांचा स्पर्श दात्याच्या मध्यापुरताच राहील, पण फिरताना ते जाम होणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का? शिवाय शाफ्ट ३०० मि.मी. लांब असून पुढचे टोक जागच्या जागी राहत असल्याने, १२ मि.मी. सरकल्यावर तो सुमारे सव्वादोन अंशांनी तिरपा होतो. एवढा तिरपेपणा खपेल, की मागच्या टोकाला आणखी एक युनिव्हर्सल जॉइंट (तिरप्या कोनातही फिरणारा सांधा) द्यावा? दातेरी चाके प्रत्यक्ष कापणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.