उभ्याने बारबेल प्रेस: कंबर जाते ती उभं राहिल्याने की बार भलतीकडून नेल्याने?

अडीच_किलो
जिममध्ये परवा पुन्हा तेच. मी उभ्याने प्रेस मारत होतो, म्हणजे बार खांद्यांवरून सरळ डोक्यावर ढकलत होतो, तर ट्रेनर आला. "सर, बसून करा, पाठ टेकवून. उभ्याने कंबर जाते." शेजारी एक जण बार मानेमागे नेऊन हिसके देत होता, त्याला मात्र कुणी काही म्हणालं नाही.

माझं मत असं की कंबर उभं राहिल्याने जात नाही, बार चेहऱ्याला वळसा घालून नेल्याने जाते. मी सहा महिने ४० किलोवर अडकलो होतो. शेवटी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून बाजूने व्हिडिओ काढला. बार तोंडासमोरून चांगला वीतभर लांबून वर जात होता आणि तोल सावरायला मी मागे झुकत होतो. भरलेली बादली अंगालगत धरली तर फार काही वाटत नाही, तीच हात लांब करून धरून बघा.

आता बार हासळीजवळ, खांद्याच्या पुढच्या मांसावर टेकवतो. मुठी खांद्यांच्या किंचित बाहेर, कोपर बारच्या जराशी पुढे. बार बोटांत धरायचा नाही, तळव्याचा मनगटाजवळचा जो उंचवटा असतो तिथे बसवायचा, म्हणजे मनगट मागे मोडत नाही. श्वास पोटात कोंडायचा, कुल्ले आवळायचे, हनुवटी मागे घ्यायची. बार नाकाला घासून गेल्यासारखा वाटला पाहिजे. (पहिल्या आठवड्यात खरंच घासला. ऑफिसात विचारत होते, मांजर पाळलंय का.) कपाळ ओलांडलं की डोकं पुढे, खिडकीतून बाहेर बघतो तसं. वर पोचल्यावर बार बरोबर पावलांच्या मध्यावर आणि खांदे कानांकडे उचललेले.

ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

मुद्गल
मला पटत नाही. आमच्या तालमीत जोर, बैठका आणि मुद्गल फिरवणं. मुद्गल जातो कुठून? पाठीमागून. पुढे बार आला तेव्हा तोही आम्ही मानेमागूनच मारला. आज वय ६१, खांदा शाबूत. तुमच्या त्या हनुवटी मागे, डोकं पुढे या कवायतीपेक्षा मानेमागून सरळ रेघ मिळते. वाटेत नाकच नाही!

अडीच_किलो
काका, रेघ सरळ मिळते हे मान्य. पण तुम्ही लहानपणापासून मुद्गल फिरवलाय. मी पंधरा वर्षं लॅपटॉपसमोर बसलोय. माझा हात तिथवर जातच नाही, मग मान पुढे काढावी लागते.

खवाटा
मी फिजिओ आहे, त्यामुळे माझी बाजू थोडी वेगळी. धागाकर्त्याचं एक वाक्य मनापासून आवडलं, वर गेल्यावर खांदे उचलण्याचं. "खांदे खाली दाबून ठेवा" असं अजूनही सर्रास शिकवतात आणि ते डोक्यावरच्या व्यायामाला चूक आहे. हात वर जाताना खवाटा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, फिरून वर यावा लागतो. तो दाबून धरला तर सांध्याला मोकळी जागा कुठून मिळणार?

पण बाकीचं सगळं तंत्र एका गोष्टीवर उभं आहे, ती तुम्ही गृहीत धरली आहे. भिंतीला पाठ लावून उभे राहा. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे, कंबर भिंतीला चिकटलेली, कोपर सरळ. हात वर नेऊन अंगठे भिंतीला लावा. कंबर न सुटता लागले तर खुशाल बार घ्या. नाही लागले, तर उरलेलं अंतर बार तुमच्या कमरेतून काढून घेणार, मग नाक घासा नाहीतर कपाळ. माझ्याकडे येणाऱ्या बैठ्या कामाच्या लोकांपैकी बऱ्याच जणांचे लागत नाहीत. त्यांना मी बार देत नाही, डंबेल देते. प्रत्येक हाताला आपापली वाट काढता येते.

रविवारचा_पैलवान
मुळात डोक्यावर वजन हवंच कशाला? बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ साली आपल्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचा कोपर कसा गेला ते सगळ्यांनी पाहिलंय. तो तर तयारीचा माणूस. आपण कोण?

सांगलीकर
पाहिलंय ना, मग नीट पाहा. ती १३९ किलोची क्लीन अँड जर्क होती, ५५ किलो वजनगटात. क्लीन म्हणजे बार जमिनीवरून खांद्यांवर घेणं; मग जर्कमध्ये पायांच्या रेट्याने बार उडवतात आणि त्याच्याखाली घुसून सरळ हातांवर झेलतात. प्रेसमध्ये झेलणं नाहीच. जड झालं की बार कपाळाशी थांबतो आणि मुकाट्याने खाली येतो. त्या दुखापतीनंतरही पोराने रौप्य आणलं, हे पण लिहायचं होतं.

मी वेटलिफ्टिंग केलंय, म्हणून मुद्गलकाकांची थोडी बाजू घेतो. मानेमागून आम्हीही ढकलतो, पण स्नॅचच्या (जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर) रुंद पकडीने आणि हलक्या वजनावर. जिममधला तो हिसकेवाला वेगळा.

धागाकर्त्याला एक सांगणं. "मागे झुकायचं नाही" हा नियम बोलायला सोपा, पाळायला महाकठीण. १९२८ ते १९७२ ऑलिंपिकमध्ये प्रेस हा स्नॅच आणि जर्कच्या जोडीचा तिसरा प्रकार होता. शेवटी शेवटी लिफ्टर इतके मागे वाकायला लागले की बाकावर आडवं पडून मारतात तो बेंच प्रेस उभ्याने चाललाय असं वाटावं. पंचांना ठरवता येईना, कुठवर चालवून घ्यायचं. म्युनिकला, १९७२ साली, सोव्हिएत लिफ्टर अलेक्सेयेवने प्रेस केला २३५ किलो आणि क्लीन अँड जर्क २३०. जर्कला पायांची मदत, तरी प्रेस जास्त! त्यानंतर प्रेस काढूनच टाकला. तेव्हा थोडं झुकणं होणारच. ते कुल्ले आवळून, कंबर पुढे सरकवून केलेलं असेल तर माझी हरकत नाही. बरगड्या वर फाकल्या की मात्र सेट तिथेच संपवावा.

खवाटा
"थोडं" म्हणजे किती, हेच तर पंचांना जमलं नाही, ते जिममधल्या आरशासमोर कुणाला जमणार? आणि आरसा समोर असतो, कमरेचा बाक बाजूने दिसतो.

सांगलीकर
म्हणून बाटलीला टेकवलेला मोबाईल, ताई.

मुद्गल
मी आत्ता भिंतीपाशी उभा राहून आलो. दोन्ही अंगठे लागले. नोंद घ्यावी.

अडीच_किलो
मीही करून आलो. उजवा लागला. डावा चार बोटं लांब, आणि रेटला की कंबर भिंत सोडते. व्हिडिओत बार दर वेळी डावीकडे थोडा मागे राहतो, तो मी पकडीचा दोष समजत होतो.

उभ्याने करायचं सोडणार नाही. पण खवाटा ताई, डंबेल किती दिवस? जिममध्ये १५ नंतर थेट २० ची जोडी आहे, मधलं काही नाही.

खवाटा
१५ च्या जोडीने सलग बारा वेळा सुटसुटीत मारता येतो का? ते आधी सांगा. आणि डावा अंगठा रोज.