क्लिंक-शुल्ट्झवर हसणाऱ्यांना कोडगं म्हणणाऱ्यांसाठी

हडसनकाठ
जुन्या मालिकांच्या धाग्यावर परवा एक वाक्य वाचलं: "छळछावणीवर विनोदी मालिका काढणारे आणि ती बघून हसणारे, दोघेही कोडगे." रोख 'होगन्स हीरोज'वर होता, म्हणजे त्या जुन्या अमेरिकी मालिकेवर, जिच्यात दुसऱ्या महायुद्धातले कैदी जर्मन छावणीचा बावळट प्रमुख क्लिंक आणि पहारेकरी शुल्ट्झ यांना सतत फसवतात. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होईना, म्हणून हा वेगळा धागा.

मालिकेतली स्टालाग १३ ही छळछावणी नाहीच. ती युद्धकैद्यांची छावणी, तीही जर्मन हवाई दलाच्या ताब्यातली. आउश्विट्झ आणि ही छावणी एकाच मापाने मोजणाऱ्याने मालिका पाहिलेली नाही.

आणि त्या बावळट जर्मनांच्या भूमिका केल्या कुणी? क्लिंक झाला वर्नर क्लेम्पेरर, वाद्यवृंद संचालक ओटो क्लेम्पेरर यांचा मुलगा. १९३३ मध्ये या कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली. शुल्ट्झ झालेला जॉन बॅनर व्हिएन्नात वाढलेला ज्यू. जनरल बुर्कहाल्टर झालेल्या लिऑन ॲस्किनचे आईवडील ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारले गेले. फ्रेंच कैदी लेबो झालेल्या रॉबर्ट क्लॅरीला तर सोळाव्या वर्षी पॅरिसमधून उचललं. तो बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत सुटला, पण घरची बारा माणसं गेली. हातावर गोंदलेला नंबर घेऊन हा माणूस १९६५ ते १९७१ सेटवर येत होता. क्लेम्पेररने तर भूमिका घेतानाच अट घातली होती की क्लिंक कधीही जिंकता कामा नये. १६८ भाग झाले, तो जिंकला नाही. या लोकांना कोडगं म्हणणारे आपण कोण?

रानजाई
ते वाक्य माझं आहे. छावणीचा प्रकार तुम्ही म्हणता तो, घ्या. पण त्याने मालिका निर्दोष कशी ठरते?

हवाई दलाचीच खरी छावणी सागानला होती. मार्च १९४४ मध्ये तिथून भुयारातून ७६ जण पळाले. तिघे निसटले, ७३ पकडले गेले आणि त्यातल्या ५० जणांना गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गोळ्या घातल्या. मालिकेत दर आठवड्याला भुयारातून ये-जा चालते. मालिका जिथे घडते असं दाखवलंय ते हॅमेलबुर्ग गाव खरं आहे. तिथे सोव्हिएत अधिकारी डांबले होते. १९४१ मध्ये त्यातल्या कित्येकांना निवडून डाखाऊच्या छळछावणीत नेलं आणि मारलं. जर्मनांच्या हाती पडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले. हे त्याच सैन्याच्या छावण्यांमध्ये झालं, दुसऱ्या कुठल्या ग्रहावर नाही.

आणि तुमचा तो लाडका शुल्ट्झ! "मी काही पाहिलं नाही, मला काही माहीत नाही." १९४५ नंतर अख्ख्या जर्मनीने हेच उत्तर दिलं. तुम्ही त्या उत्तरावर सहा वर्षं टाळ्या वाजवल्यात.

बव्हेरियात_बावीस
रानजाईंशी सहमत, पण मालिका मी बघतो. जर्मन टीव्हीवर ती नव्वदच्या दशकात आली. पहिलं डबिंग पडलं. दुसऱ्यात क्लिंकला सॅक्सन बोली दिली, संवाद आणखी वेडगळ केले, तेव्हा लोकांनी उचलून धरली. आमच्या शेजारच्या आजोबांना शुल्ट्झ सहन होत नाही. ते म्हणतात, माझे वडील आयुष्यभर तेवढंच बोलले. त्यांचा मुलगा मात्र सगळे भाग दोनदा बघून बसलाय.

अपशिंगेकर
तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, यात आपली माणसं कुठे आहेत? मुख्य पाच कैद्यांत तीन अमेरिकी, एक इंग्रज, एक फ्रेंच. माझे आजोबा पाचव्या मराठ्यांच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते. जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा अख्खी बटालियन शत्रूच्या हाती लागली. तिथून इटली, अवेझ्झानोची छावणी. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं टाकली आणि पहारेकरी पळाले, तेव्हा हे लोक डोंगरात शिरले. एका शेतकऱ्याच्या घराने त्यांना लपवलं, स्वतःच्या जिवावर. त्या घरची म्हातारी आजोबांना शेवटपर्यंत आठवायची. यावर कुणी मालिका काढली? कुणी साधा लेख लिहिला?

कागदपत्री
अपशिंगेकर, भावना समजते. पण हवाई दलाच्या छावणीत वैमानिक असायचे, पायदळ नाही. हिंदी कैद्यांना जर्मनांनी बहुतेक वेगळं ठेवलं, उदाहरणार्थ आनाबुर्गला. आणि तो विषय काढलाच आहे तर पूर्ण काढा. याच कैद्यांमधून नेताजींचं लीजन, म्हणजे जर्मन सैन्याच्या बाजूची हिंदी तुकडी, उभं राहिलं, सुमारे तीन हजारांचं. त्यांच्या शपथेत हिटलरचं नाव होतं. हे कुणी बोलत नाही.

अपशिंगेकर
बोलत नाही? आमच्याकडे चावडीवर हेच बोलणं असायचं! इटलीतही भरतीला माणसं आली होती. आजोबांनी नकार दिला. त्यांच्याच कंपनीतला, पलीकडच्या गावचा एक जण गेला. दोघेही परत आले आणि पुढे म्हातारपणापर्यंत एकमेकांकडे जेवायला जात राहिले. उपाशी माणूस काय निवडतो, हे खुर्चीत बसून ठरवणाऱ्यांनी तोंड सांभाळून लिहावं.

कागदपत्री
मी गद्दार हा शब्द वापरलेला नाही. वापरलाय असं दाखवा, नाहीतर शब्द मागे घ्या.

कोयनामाई
वापरला नाहीत, पण सुचवलंत तेच. तीन हजारांतले किती जण देशासाठी गेले आणि किती भाकरीसाठी, हे शपथेच्या कागदावरून कळत नाही. माझ्या चुलत आजोबांचं नाव लीजनच्या अशाच एका यादीत आहे म्हणून त्यांच्या भावाने आयुष्यभर त्यांचा फोटो भिंतीवर लावला नाही. तुमच्यासारख्यांच्या एका वाक्याने घरं तुटतात.

संपादक
एकमेकांच्या आजोबांवर येऊ नका. पुढचे वैयक्तिक प्रतिसाद काढून टाकले जातील.

हडसनकाठ
धागा माझा होता हे कुणाला आठवतंय का? असो. रानजाई, शुल्ट्झबद्दलचं तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही, आणि ते मला आवडलेलं नाही. पण रॉबर्ट क्लॅरीचं काय करायचं? मालिका संपल्यावर कित्येक वर्षांनी, नरसंहार झालाच नाही म्हणणारे वाढले तेव्हा तो शाळाशाळांतून स्वतःची कहाणी सांगत फिरला. २०२२ मध्ये ९६ व्या वर्षी गेला. त्याने या मालिकेची लाज कधी बाळगली नाही.

रानजाई
क्लॅरीला हसायचा हक्क होता, तो त्याने कमावला होता. तुम्हाला आणि मला तो आपोआप मिळत नाही. एवढंच लिहायचं होतं, 'कोडगे' न लिहिताही लिहिता आलं असतं.

अपशिंगेकर
कागदपत्री, राग बाजूला ठेवून विचारतो. आजोबांच्या कैदेची नोंद कुठे मिळेल? घरी फक्त एक पदक आणि त्यांचा सैनिक क्रमांक आहे.

कागदपत्री
क्रमांक आहे म्हणजे निम्मं काम झालं. जिनिव्हात आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदी आहेत. अर्ज ठरावीक संख्येनेच घेतात, त्यामुळे खिडकी कधी उघडते त्यावर लक्ष ठेवा. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरलाही एक पत्र टाका. पूर्ण नाव, बटालियन, पकडल्याची जागा आणि महिना लिहा. इंग्रजी मसुदा मी करून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.