मदत हवी आहे: 1974 च्या पद्मिनीला घरीच अल्टरनेटर बसवायचा आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे 1974 ची प्रीमियर पद्मिनी आहे. 'प्रेसिडेंट' जाऊन 'पद्मिनी' हे नाव आलं त्या वर्षीची. 1089 सीसीचं मूळ इंजिन, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यालाच. सासऱ्यांनी जिवापाड जपलेली गाडी, आता देखभाल माझ्याकडे आहे.

अडचण दिव्यांची आहे. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणं होतं आणि अंधार पडला की वळणावर रस्ताच दिसत नाही. गाडी आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू) आली की उजेड पार पिवळा पडतो. गोल हेडलाइटमध्ये 60/55 वॅटचे एच-फोर हॅलोजन बल्ब घातलेत, फरक नाही. इंजिन जरा रेस करून मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर 12.4 व्होल्ट आणि बल्बच्या सॉकेटवर 10.8.

इथले मिस्त्री म्हणतात, डायनामो (बॅटरी चार्ज करणारं जुनं यंत्र) आणि कटआउट (त्याचा चार्ज सांभाळणारा डबा) काढून टाका, मारुती 800 चा अल्टरनेटर (डायनामोच्या जागचं नवं यंत्र) बसवा, ब्रॅकेट वेल्ड करून देतो. वेल्डिंगला माझा ठाम नकार आहे. उद्या कुणाला मूळ डायनामो परत लावावासा वाटला तर तासाभरात लागला पाहिजे. बोल्टवर बसणारं ब्रॅकेट कुणी केलंय का? कटआउटच्या वायरी कुठे जोडायच्या? आणि यामुळे पुढे व्हिंटेज नोंदणीला अडकेल का? फोटो असतील तर नक्की टाका.

प्रतिसाद 1

ताई, तुमच्याच आकड्यांत अर्धं उत्तर आहे. बॅटरी ते बल्ब 1.6 व्होल्ट वाटेतच खाल्ले जातायत. तो दोष डायनामोचा नाही, पन्नास वर्षांच्या वायरींचा आणि स्विचचा आहे. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड साधारण तीस टक्के घटतो. दोन्ही डिपर मिळून नऊ-दहा अँपिअर त्या म्हाताऱ्या स्विचमधून जातात, त्याचं बटण हाताला गरम लागत असेल बघा.

आधी दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच) लावा, एक अपरला, एक डिपरला. बॅटरीवरून फ्यूज घालून 2.5 चौरस मिमीची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, 87 वरून बल्बला. हेडलाइटच्या जुन्या वायरीने फक्त रिले ओढायचा: ती 86 ला, आणि 85 अर्थला (बॉडीच्या पत्र्याला). अर्थ मात्र पत्रा घासून, रंग काढून घ्या. यात मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापावा लागत नाही.

आयडलचा पिवळेपणा यानेही पूर्ण जाणार नाही. डायनामो आयडलला जवळजवळ काही देतच नाही, त्यासाठी अल्टरनेटर हवाच.

प्रतिसाद 2

आमच्या फियाटला बोल्टवरचं ब्रॅकेट आहे. डायनामोच्या मूळ भोकांवर जाड पट्टी, लेथवाल्याकडून दोन बुश (बोल्टवर बसणारे नळीसारखे तुकडे). सगळा जीव पुलीच्या रेषेत आहे: क्रँकच्या पुलीवर सरळ स्टीलपट्टी धरा, ती अल्टरनेटरच्या पुलीला दोन्ही कडांना टेकली पाहिजे. फट असेल तर बुश घासा नाहीतर वायसर घाला. हे चुकलं तर बेल्ट कड खातो, आणि तोच बेल्ट वॉटर पंप फिरवतो. घाटात बेल्ट तुटला की इंजिन तापलंच समजा.

रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आतच असतो, त्यामुळे कटआउट जागेवर राहू द्या, फक्त वायरी सोडवून टोकं टेप करा. अल्टरनेटरच्या बी प्लसवरून (मुख्य टर्मिनल) बॅटरीला फ्यूज घालून 10 चौरस मिमीची नवी वायर, डायनामोची जुनी इथे वापरू नका. चार्जिंगच्या लाल दिव्याची वायर एल टर्मिनलला. हा बल्ब उडालेला चालणार नाही, त्याच्यातूनच सुरुवातीचा करंट जातो. शेवटी बॅटरीवर 13.8 ते 14.4 दिसलं की झालं.

व्हिंटेजचं: 2021 च्या नियमांत 50 वर्षं पूर्ण आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको असं आहे. तुमचं काम उलटं फिरवता येणारं आहे, तरी आरटीओत विचारूनच घ्या. पण एक बघा, ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. चिपळूणच्या फेऱ्यांचं काय करणार?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रिलेचं काम या रविवारी घेते. फेऱ्या बंद करायच्या नाहीत, त्यामुळे नोंदणी आहे तीच ठेवणार. दादा, बुशची लांबी आणि पट्टीची जाडी मोजून सांगाल का? लेथवाल्याला माप द्यायचंय.